एकाच कढईत चिकन पास्ता: पाणी मोजून, चिकन जपून

एका कढईतला चिकन पास्ता दोन गोष्टींवर उभा असतो. पाणी मोजून घालायचं, आणि चिकन पास्त्याबरोबर पहिल्यापासून शिजत ठेवायचं नाही. एवढं सांभाळलं तर बाकीच्या जिनसांत बरीच सूट आहे. चीज नसेल तर साय चालते, शिमला मिरची नसेल तर मटार चालतात, आणि ओरेगॅनो नसला तरी काही अडत नाही. पाण्याचा अंदाज चुकला तर मात्र सगळा लगदा होतो किंवा पास्ता आतून कच्चा राहतो. म्हणून हा लेख त्या दोन गोष्टींवर जास्त रेंगाळणार आहे.

हे जेवण बुधवार-शुक्रवारचं आहे. रविवारी निवांतपणे कांदा-खोबरं भाजून, वाटण करून रस्सा होतो आणि तो तसाच व्हायला हवा. त्याला वेळ द्यावा लागतो. पण आठवड्याच्या मध्ये, कामावरून घरी यायला सात-साडेसात होतात, पोरांना चिकन हवं असतं आणि भाकऱ्या थापायची ताकद कोणाकडेच उरलेली नसते. अशा वेळी चिरण्यापासून ताटात वाढेपर्यंत पाऊण तासात हे होतं.

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या घरांत एका भांड्याला आणखी एक महत्त्व आहे. बऱ्याच घरांत मटण-चिकनचं पातेलं आजही वेगळं असतं. ते मागच्या पडवीत ठेवलेलं असतं, स्वयंपाकही मागच्या दारी किंवा गच्चीवर होतो आणि ओट्यावरच्या रोजच्या भांड्यांत ते मिसळत नाहीत. नेहमीच्या रीतीने पास्ता करायचा म्हटलं की उकळायला मोठं पातेलं, निथळायला चाळणी, सॉसला कढई आणि चिकनला तवा लागतो. एवढी भांडी वेगळी कोण ठेवणार? एका कढईत सगळं होत असेल तर ती एक कढई, एक उलथनं, एक ताटली आणि शेगडी मागे नेली की काम भागतं. घरातल्या मोठ्यांचा नेमही राखला जातो आणि पोरांची हौसही भागते.

पाण्याचं गणित आधी समजून घ्या

वाळलेला पास्ता गरम पाण्यात दोन कामं करतो. तो पाणी पिऊन फुगतो आणि अंगावरचा स्टार्च पाण्यात सोडतो. इटलीतल्या रूढ पद्धतीत 100 ग्रॅम पास्त्याला साधारण 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ घेतात, आणि पास्ता शिजला की पाणी निथळून टाकतात. त्या पाण्याबरोबर बराच स्टार्च जातो, म्हणून तिथले स्वयंपाकी सॉस दाट करायला त्यातलं वाटीभर पाणी मुद्दाम राखून ठेवतात. कमी पाण्यात, सॉसमध्येच पास्ता शिजवायची रीतही तिकडे आहे. रिसोत्तो या भाताच्या प्रकारावरून तिला ‘रिसोत्ताता’ म्हणतात.

आपल्याला ही रीत नवी नाही. वरणफळं करताना कणकेचे तुकडे उकळत्या वरणातच सोडतो, ते तिथेच शिजतात आणि त्यांच्या पिठाने वरण दाट होतं. पास्त्याचंही तसंच. फक्त पास्ता कोरडा असल्यामुळे तो कणकेच्या तुकड्यांपेक्षा पुष्कळ जास्त पाणी पितो.

किती पितो? शिजल्यावर पास्त्याचं वजन दुपटीपेक्षा थोडं जास्त होतं. म्हणजे 300 ग्रॅम पास्ता साधारण 350 ते 400 मिलिलिटर पाणी पोटात घेतो. काही पाणी वाफ होऊन जातं. उरलेल्या पाण्यात टोमॅटो, स्टार्च आणि चिकनचा रस मिसळून सॉस होतो. हे सगळं धरून 300 ग्रॅमला 800 मिलिलिटर पाणी बरोबर बसतं, आणि वर एक ग्लास गरम पाणी हाताशी ठेवायचं. कढई फार पसरट असेल तर वाफ जास्त जाते, तेव्हा त्या ग्लासातलं थोडं लागतंच.

हे पाणी वाटीने मोजू नका. प्रत्येक घरातली वाटी वेगळी असते. 1 लिटरची पाण्याची बाटली घ्या. तिच्यातलं पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से पाणी कढईसाठी आणि उरलेला एक हिस्सा राखीव. याहून सोपं माप घरात नाही.

पाणी निथळायचं नाही म्हटल्यावर मिठाचाही हिशेब बदलतो. जे मीठ टाकाल ते सगळं पोटात जाणार. लिटरला 10 ग्रॅमचा नियम इथे लावला, वर चिकनला मीठ लावलं आणि चीज घातलं, तर जेवण खारट होईल.

काय काय लागेल (चार माणसांना)

बोनलेस चिकन 500 ग्रॅम
पेने किंवा फ्युसिली पास्ता 300 ग्रॅम
कांदे 2 मध्यम, बारीक चिरून
लसणाच्या 10-12 पाकळ्या, ठेचून
टोमॅटो 3 मध्यम (साधारण 300 ग्रॅम), पिकलेले
शिमला मिरची 1, किंवा वाटीभर मटार
शेंगदाणा तेल 2 मोठे चमचे
हळद पाव चमचा, मिरपूड अर्धा चमचा, लाल तिखट 1 चमचा
मीठ, गुळाचा लहानसा खडा
घट्ट साय 3 मोठे चमचे
चीज क्यूब 2, किसून
कांद्याची पात किंवा कोथिंबीर मूठभर

पास्ता घेताना पाकीट उलटून वाचा

पाकिटामागे ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला असला पाहिजे. ड्युरम हा कडक दाण्याचा गहू. आपल्याकडचा जुना बन्सी गहू याच जातीतला. त्याचा पास्ता शिजताना आकार धरून ठेवतो. मैद्याचा पास्ता स्वस्त असतो, किराणा दुकानात सुटाही मिळतो, पण एका कढईच्या पद्धतीत तो फार लवकर मऊ पडतो. भरपूर पाण्यात उकळून निथळायचा असेल तर चालवून घेता येईल, इथे नको. मैद्याचाच घरात असेल तर पाणी 650 मिलिलिटर घ्या आणि सहाव्या मिनिटापासून एकेक तुकडा चाखत राहा.

आकारात पेने किंवा फ्युसिली सर्वांत सोयीचे. स्पॅगेटी लांब असते, घरच्या कढईत ती आडवी बसत नाही. लहान मॅकरोनी चालते, पण ती दोन-तीन मिनिटं आधी शिजते, तेव्हा चिकनही त्या हिशेबाने लवकर परत घाला.

चिकन

दुकानदाराला बोनलेस मागितलं की तो बहुतेक वेळा छातीचं मांस देतो. ते पांढरं, दिसायला स्वच्छ, पण त्यात चरबी कमी असते आणि पाच मिनिटं जास्त शिजलं तरी कोरडं पडतं. त्याऐवजी “लेगपीसचं बोनलेस काढून द्या” असं सांगा. हाड काढायला त्याला थोडा वेळ लागतो, भावही वेगळा असू शकतो, पण या पदार्थात फरक ठळक जाणवतो. छातीचंच मिळालं तर तुकडे थोडे मोठे ठेवा आणि कढईत परत घालताना शेवटची तीन मिनिटंच द्या.

इथे बॉयलर कोंबडीच घ्यायची. गावरान कोंबडी शिजायला तासभर घेते, आणि तिची खरी जागा रश्श्यातच आहे.

चिकन धुवायचंच असेल तर वाहत्या नळाखाली धुवू नका. धारेमुळे कच्च्या चिकनचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि जंतू तिथे पोहोचतात. एका भांड्यात पाणी घेऊन हलक्या हाताने बुचकळून काढा, ते पाणी सावकाश ओता, आणि भांडं नि मोरी साबणाने घासा. जंतू मरतात ते शिजवण्याच्या उष्णतेने, धुण्याने नाही.

मग चिकन पुसा. स्वच्छ सुती फडक्याने किंवा कागदी रुमालाने खरोखर कोरडं करा (फडकं लगेच वेगळं धुवायला टाका). ही पायरी बरेच जण सोडतात. ओलं चिकन कढईत टाकलं की आधी त्यावरचं पाणी उकळतं, आणि पाणी असेपर्यंत पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही. खरपूस तपकिरी रंग आणि त्याबरोबरची चव साधारण 140 अंशांपुढे येते. ओलं चिकन म्हणजे उकडलेलं, फिकट चिकन. याच कारणाने मी इथे दही लावत नाही. साधारण एक इंचाचे तुकडे, त्यांना अर्धा चमचा मीठ, हळद, मिरपूड आणि अर्धा चमचा तिखट चोळून बाकीचं चिरून होईपर्यंत ठेवायचं. एवढं मुरणं पुरतं.

कोणती कढई

जाड बुडाची, पसरट आणि झाकण बसेल अशी. 28 सेंटिमीटरच्या आसपासची स्टीलची जाड कढई किंवा नॉनस्टिक उत्तम. लोखंडी कढई इथे वापरू नका. टोमॅटोच्या आंबटपणाने लोखंड सुटतं, सॉस काळपट होतो आणि जिभेला धातूची चव लागते. पातळ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तळ जळतो. यांपैकी काहीच नसेल तर पाच लिटरचा कुकर घ्या, पण त्याचं झाकण लावू नका, वर ताट ठेवा. कुकरचं बूड जाड असतं, त्यामुळे तो पातेलं म्हणून छान काम देतो. शिट्टी काढून पास्ता शिजवायच्या फंदात पडू नये. पास्त्याचा फेस शिट्टीत अडकतो, आणि मधे चाखून बघता येत नाही.

आता कढई चढवा

सुरुवातीलाच 1 लिटर पाणी किटलीत किंवा शेजारच्या शेगडीवर गरम करायला ठेवा. थंड पाणी ओतलं तर कढईला पुन्हा उकळी यायला वेळ लागतो, आणि तोवर पास्ता कोमट पाण्यात भिजून चिकट होतो.

कढई मोठ्या आचेवर दोन मिनिटं तापू द्या. नॉनस्टिक असेल तर रिकामी तापवू नका, तेल घालून मध्यम आचेवर तापवा. तेल तापलं की चिकनचे अर्धेच तुकडे एकमेकांपासून जरा अंतर ठेवून पसरा. सगळे एकदम घातले तर कढई थंड पडते, चिकनला पाणी सुटतं आणि पुन्हा तेच उकडलेलं चिकन. घातल्यावर दोन-तीन मिनिटं हात लावू नका. तुकडा खालून लाल झाला की आपोआप सुटतो. ओढावा लागत असेल तर त्याची वेळ झालेली नाही. उलटून दुसरी बाजू दोन मिनिटं. ताटलीत काढा आणि उरलेले तुकडे तसेच परता.

या क्षणी चिकन बाहेरून सुंदर दिसतं पण आतून कच्चं असतं. पोरांना एखादा तुकडा चाखायला देऊ नका. ज्या ताटात कच्चं चिकन होतं त्यात ते काढूही नका. धुतलेली दुसरी ताटली घ्या.

कढईच्या तळाला तपकिरी थर चिकटलेला दिसेल. तो घासून टाकायचा नाही. सगळ्या पदार्थाची चव तिथे आहे. आच मध्यम करा, कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. कांद्याला पाणी सुटेल, त्या पाण्यात उलथन्याने तळ खरवडत राहा, थर सुटून कांद्याला लागेल. कांदा गुलाबी व्हायला पाचेक मिनिटं लागतात. लसूण त्यानंतर, आणि अर्धा मिनिटच. लसूण कांद्याबरोबर घातला तर तो करपून कडू होतो.

टोमॅटो चिरण्यापेक्षा किसणीवर किसा. साल हातात राहते आणि गर कढईत जातो. उरलेलं तिखट घालून तेल सुटेपर्यंत परता, सात-आठ मिनिटं. घाई करायची जागा ही नव्हे. टोमॅटोचा कच्चा वास इथे गेला नाही तर पुढे पाण्यात तो जाणार नाही. टोमॅटो फार आंबट असतील, उन्हाळ्यात बहुधा असतातच, तर गुळाचा खडा आत्ताच टाका.

आता कोरडा पास्ता घाला आणि मसाल्यात मिनिटभर हलवा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला थोडं तेल लागेल. उकळतं 800 मिलिलिटर पाणी ओता. पाऊण चमचा मीठ. चमच्याने सगळा पास्ता पाण्याखाली दाबा. मोठ्या आचेवर उकळी येऊ द्या, मग आच मध्यम करा आणि झाकण थोडं तिरकं ठेवा.

पहिली तीन मिनिटं कढई सोडून जाऊ नका. याच वेळी पास्त्यावरचा स्टार्च फुगून चिकट होतो. हलवलं नाही तर तुकडे एकमेकांना आणि तळाला धरतात. एकदा ही वेळ गेली की दर दोन मिनिटांनी तळापासून हलवणं पुरे.

पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर इथे 12 ते 14 लागतात, कारण पाणी कमी आहे आणि वरचे तुकडे अर्धे वाफेवर शिजतात. घड्याळापेक्षा दातांवर भरवसा ठेवा. आठव्या मिनिटाला एक तुकडा काढून मधोमध तोडा. आत पांढरा कोरडा ठिपका दिसेल. तो बराच लहान झालेला असेल तर चिकनची वेळ झाली. अजून मोठा असेल तर दोन मिनिटं थांबा.

चिकन आणि ताटलीत साठलेला सगळा रस कढईत घाला, शिमला मिरचीही आत्ताच, आणि झाकण पूर्ण लावून चार ते पाच मिनिटं. मटार ताजे असतील तर चिकनच्या दोन मिनिटं आधी. चिकन असं उशिरा घातल्यामुळे मऊ राहतं. सुरुवातीपासून पाण्यात ठेवलं तर पास्ता शिजेपर्यंत ते उकळत राहिलं असतं आणि त्याचे धागे झाले असते.

पण मऊ म्हणजे अर्धकच्चं नव्हे. सर्वांत मोठा तुकडा कापून बघा. आत गुलाबी काही दिसता कामा नये आणि रस स्वच्छ निघाला पाहिजे. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मधोमध 74 अंश सेल्सियस. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरच्या पोल्ट्रींत बर्ड फ्लू आला तेव्हापासून आपल्या भागात ‘चिकन खावं का’ हा प्रश्न अधूनमधून निघतो. मांस सगळीकडून 70 अंशांच्या वर तापलं की तो विषाणू टिकत नाही. मधोमध 74 अंश गाठणं नेहमीच्या दिवशीही तितकंच आवश्यक आहे, कारण पोट बिघडवणारे इतर जंतू कच्च्या चिकनवर नेहमीच असू शकतात.

पास्त्यातला पांढरा ठिपका सुईच्या टोकाएवढा उरला आणि सॉस तुम्हाला हवा त्यापेक्षा किंचित सैल आहे, इथे गॅस बंद करा. उरलेलं शिजणं आतल्या उष्णतेवर होतं. सॉस कढईतच हवा तेवढा दाट झाला, तर ताटात येईपर्यंत तो गोळा होतो.

साय आणि चीज गॅस बंद केल्यावरच. साय चमच्याने फेटून त्यात कढईतला दोन चमचे गरम सॉस मिसळा, मग ती कढईत घाला. टोमॅटो आंबट आहे. उकळत्या आंबट सॉसमध्ये दूध घातलं तर ते फाटतं. सायीत स्निग्धांश जास्त असल्यामुळे ती सहसा तग धरते, तरी आच नको. चीज घालून हलवा, मीठ चाखा, झाकण ठेवून तीन मिनिटं विसावू द्या. वरून कांद्याची पात. थंडीत भरीत-पार्ट्यांचे दिवस असतात, भरितासाठी आणलेली पात घरात असतेच. तिचा हिरवा भाग बारीक चिरून यावर फार छान लागतो. ओला लसूण मिळाला तर त्याची पातही घाला.

काही बिनसलं तर

सॉस पातळ राहिला आणि पास्ता शिजला, तर झाकण काढून मोठ्या आचेवर दोन मिनिटं हलवा. तेवढ्यातही दाट झाला नाही तर सोडून द्या, पाच मिनिटांत तो आपोआप दाटेल. उलट पाणी आटलं आणि पास्ता कच्चा, तर राखीव गरम पाणी अर्धी अर्धी वाटी करून घाला, सगळं एकदम नको. तळ लागल्याचा वास आला तर खरवडू नका. वरचं वर दुसऱ्या भांड्यात काढा, जळका थर तिथेच राहू द्या.

खारट झालं तर अर्धी वाटी गरम पाणी आणि आणखी दोन चमचे साय. बटाट्याची फोड टाकून फारसं काही साधत नाही.

काळ्या मसाल्यातला खान्देशी प्रकार

हा मला अधिक आवडतो, आणि जेवायला मोठी माणसं असतील तर हाच करावा. यात चीज आणि साय दोन्ही नाहीत. काळ्या मसाल्यातलं दगडफूल, लवंग, खरपूस भाजलेले धने यांचा वास दुधाच्या पदार्थांत बुजतो, आणि चीजही स्वतःच्या चवीला उतरत नाही. एक काहीतरी निवडा.

नंदुरबारच्या बाजारातून वर्षाच्या मिरच्या घेणारी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतल्या तीन सुक्या मिरच्या बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजत घाला. सुक्या खोबऱ्याचा 30 ग्रॅमचा तुकडा आणि एक अख्खा कांदा थेट गॅसच्या ज्योतीवर भाजा, खोबऱ्याची कड काळपट होईपर्यंत आणि कांद्याची साल जळेपर्यंत. कांद्याची साल काढून खोबरं, कांदा, भिजलेल्या मिरच्या, आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं आणि थोडी कोथिंबीर बारीक वाटा. हे वाटण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवता येतं. मग दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक पुन्हा पाऊण तासावर येतो.

चिकन वर सांगितल्याप्रमाणेच परतून बाजूला काढा. त्याच तेलात वाटण घाला, तेल एक चमचा वाढवा आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता. मग घरचा काळा मसाला दीड चमचा, आणि टोमॅटो फक्त एक. मसाला घातल्यावर अर्ध्या मिनिटात पास्ता आणि पाणी गेलं पाहिजे, नाहीतर तो करपतो. पाणी इथे 900 मिलिलिटर घ्या, कारण सुकं खोबरंही पाणी पितं. बाकी सगळं तसंच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कितीही तेल घातलं तरी याला रश्श्यासारखी तर्री वर येत नाही. पास्त्याचा स्टार्च तेलाला सॉसमध्ये बांधून ठेवतो. तर्रीशिवाय ज्यांचं जेवण होत नाही त्यांच्यासाठी फोडणीच्या पळीत एक चमचा तेल तापवा, गॅस बंद करून मिनिटभराने त्यात अर्धा चमचा तिखट घाला आणि वाढताना ताटात वरून सोडा. सोबत चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड. घरातल्या आजोबांना भाकरीच हवी असेल तर कढईतले चार-पाच तुकडे भरपूर सॉससकट त्यांच्या वाटीत काढा. दादरच्या, म्हणजे आपल्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, भाकरीबरोबर ते उत्तम जातं.

हाडासकट करायचं असेल तर

साधारण 750 ग्रॅम चिकन लहान तुकडे करून घ्या. परतून झाल्यावर ते बाहेर काढू नका. कांदा-टोमॅटो त्याच्यातच घालून, 200 मिलिलिटर पाण्यात झाकण ठेवून बारा-पंधरा मिनिटं शिजवा आणि मग पास्ता नि 700 मिलिलिटर गरम पाणी घाला. हाडाजवळचं मांस शिजायला वेळ घेतं, आणि हाडाचा रस सॉसमध्ये उतरतो तो फायदाच. लहान मुलं जेवणार असतील तर मात्र पास्त्यात लपलेली बारीक हाडं धोक्याची, त्यांच्यासाठी बोनलेसच.

घरात कोणी चिकन खात नसेल तर त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या उलथन्याने पनीर घालून हीच कृती करा. पनीर शेवटच्या दोन मिनिटांत घालायचं.

उन्हाळ्यात आणि उरलं तर

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो, भुसावळ-जळगावला 45 पर्यंतही जातो. कच्चं असो वा शिजलेलं, चिकन एरवी बाहेर दोन तास चालतं. 32 अंशांच्या वरच्या हवेत एकच तास. म्हणून उन्हाळ्यात चिकन सगळ्यात शेवटी विकत घ्या आणि थेट घरी या. मीठ-मसाला लावून ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये. फ्रीझरमधलं चिकन ओट्यावर वितळवू नका, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून ठेवा.

उरलेला पास्ता कढईत तसाच रात्रभर झाकून ठेवू नये. उथळ डब्यात पसरा म्हणजे लवकर निवेल, आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी तो सगळा सॉस पिऊन घट्ट झालेला असेल. कढईत पाव वाटी पाणी, साय घातलेल्या प्रकाराला त्याऐवजी दूध, घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर मधूनमधून हलवत सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवा. लागेल तेवढाच बाहेर काढा, कारण पुन्हा पुन्हा गरम केलेलं चिकन रबरासारखं होतं आणि बिघडतंही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा. शाळेच्या डब्यात थंडीच्या दिवसांत, सकाळी कडकडीत गरम करून दिला आणि दोन तासांच्या आत खाल्ला जाणार असेल तर हरकत नाही. एप्रिलच्या उन्हात चार तास बंद राहणाऱ्या डब्यात मात्र हा पास्ता अजिबात देऊ नका.